जीर्ण झालेला तिरंगा: शाळेनं आणि घरानं नेमकं काय करायचं?



15 ऑगस्ट किंवा 26 जानेवारी जवळ आला, की आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर ध्वजारोहणाच्या सूचना यायला लागतात. केशरी पट्टा वर, दोरीची गाठ अशी बांधा, ध्वज झरझर वर न्या, उतरवताना सावकाश उतरवा. हे सगळं चांगलंच आहे. पण तोच ध्वज पाच-सहा वर्षं फडकून फाटला, विटला, तर त्याचं पुढे काय, यावर मात्र कुणी बोलत नाही. मग होतं काय, की ऑफिसच्या कपाटात किंवा पत्र्याच्या पेटीत तळाशी एक गाठोडं पडून राहतं. नवे मुख्याध्यापक येतात, कपाट उघडतात, गाठोडं बघतात आणि परत कपाट लावतात. फेकायची हिंमत नसते, जाळायची तर त्याहून नसते. "आपल्या काळात नको बाबा" असं म्हणून ते पुढच्या माणसाच्या वाट्याला ढकललं जातं.

या भीतीला कारण आहे. झेंडा जाळणं म्हणजे अपमान, गुन्हा, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. त्यामुळे नियमात काय लिहिलंय ते पहिल्यांदा वाचलं, की माणूस दचकतो. चौथीच्या वर्गात मी हा विषय घेते तेव्हा दर वर्षी कुणीतरी उभं राहून विचारतंच, "मॅडम, झेंडा जाळला तर पोलीस पकडतात ना?" हा प्रश्न टाळू नका. सगळा पाठ याच प्रश्नावर उभा आहे.

नियम काय सांगतो?

आपल्याकडे या विषयावर दोन गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत होते. पहिली म्हणजे राष्ट्रीय प्रतिष्ठेच्या अवमानास प्रतिबंध करणारा 1971 चा कायदा. त्याच्या कलम 2 नुसार सार्वजनिक ठिकाणी किंवा लोकांच्या नजरेला पडेल अशा कुठल्याही ठिकाणी राष्ट्रध्वज जाळणं, फाडणं, विद्रूप करणं, तुडवणं किंवा अन्य प्रकारे त्याचा अवमान करणं हा गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही.

दुसरी म्हणजे भारतीय ध्वजसंहिता 2002. ही 26 जानेवारी 2002 पासून लागू झाली. तिच्यात स्पष्ट म्हटलंय, की फाटलेला किंवा मळलेला ध्वज कुठेही टाकून देऊ नये, अनादर होईल अशी त्याची विल्हेवाट लावू नये. तो खासगीत, संपूर्णपणे नष्ट करावा, शक्यतो जाळून किंवा ध्वजाचा मान राखला जाईल अशा दुसऱ्या एखाद्या पद्धतीनं.

आता दोन्ही वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहा आणि मुलांना फरक शोधायला सांगा. भाषेचा तास असल्यासारखंच. एका ठिकाणी 'सार्वजनिक ठिकाणी, लोकांच्या नजरेला पडेल असं', दुसऱ्या ठिकाणी 'खासगीत'. चौथीची मुलं हा फरक पाच मिनिटांत पकडतात. मोठी माणसं नाही पकडत, कारण ती वाचतच नाहीत, फॉरवर्ड करतात.

तिसरा शब्दही मी अधोरेखित करते: 'संपूर्णपणे'. ध्वज कापून तीन पट्ट्या वेगळ्या करायच्या नाहीत, अर्धा ठेवून अर्धा जाळायचा नाही. तो अखंड असतानाच त्याचा शेवट करायचा.

"जाळायचं म्हणजे अपमानच ना?"

इथं नियम सांगून थांबलं, तर मुलं मान हलवतात पण त्यांना पटत नाही. म्हणून मी त्यांना त्यांच्याच घरात पाठवते. गृहपाठ एकच: "आपल्या घरात अशी कोणती वस्तू आहे, जी जुनी झाली, तुटली तरी आई-बाबा, आजी-आजोबा कचऱ्यात टाकत नाहीत? मग तिचं काय करतात?"

दुसऱ्या दिवशी वर्गात जे ऐकायला मिळतं, ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. देवाच्या हारांचं निर्माल्य कुणी झाडाच्या मुळाशी टाकतं. पाटावरची तडा गेलेली मूर्ती. पानं सुटी झालेली आजीची पोथी, लाल फडक्यात बांधलेली. एका मुलानं सांगितलं, की त्यांच्याकडे कुरआनची जीर्ण पानं स्वच्छ कापडात गुंडाळून, कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी पुरतात. एक मुलगी म्हणाली, "आमच्या आजोबांची टोपी आईनं पेटीत ठेवलीय, ती कुणालाच देत नाही." ही शेवटची गोष्ट विषयाला धरून नव्हती, पण मी ती फळ्यावर लिहिली.

मग मुलांना आपोआप कळतं, की एखादी गोष्ट संपवण्याच्याही दोन रीती असतात. कचऱ्यात फेकणं वेगळं आणि निरोप देणं वेगळं. आपण माणसाला अग्नी देतो किंवा माती देतो, त्यात अपमान नसतो. कोणी जाळतं, कोणी पुरतं, दोन्हींत मान असतो. तुमच्या वर्गात वेगवेगळ्या घरांतली मुलं असतील, तर हा पाठ आणखी रंगतो.

पण इथं एक सावधगिरी. ध्वज हा देव नाही. त्याला हळद-कुंकू नको, आरती नको, नारळ नको. तो प्रजासत्ताकाचं चिन्ह आहे, घटना समितीनं 22 जुलै 1947 रोजी ठराव करून स्वीकारलेलं. त्याचे नियम लिहिलेले आहेत आणि ते सगळ्या धर्मांच्या, धर्म न मानणाऱ्या नागरिकांनाही सारखे आहेत. वर्गात उपमा घरातल्या द्या, पण शेवटी मुलांना संहितेच्या वाक्यावरच आणून सोडा.

नदीत सोडायचा का?

हा प्रश्न मुलांकडून नाही, पालकांकडून येतो. आपल्याकडे गणपती, निर्माल्य, अस्थी, सगळंच पाण्यात जातं. त्यामुळे "गोदावरीत सोडून देऊ की मॅडम" असं अगदी चांगल्या मनानं सुचवलं जातं. त्यांना सांगा, की ध्वज जाणूनबुजून जमिनीला किंवा फरशीला टेकू देऊ नये, पाण्यातून फरफटू देऊ नये, असं ध्वजसंहितेतच आहे. आणि नदीत सोडलेला ध्वज कुठे जातो? पुढच्या बंधाऱ्याला अडकतो, काठावरच्या बाभळीला लटकतो. तिथं तो आठ महिने लोकांच्या पायाखाली पडून असतो. विसर्जन नको.

दुसरी एक सूचना पुनर्वापराची येते आणि ती आपणच मुलांच्या डोक्यात घातलेली असते. परिसर अभ्यासात आपण जुन्या कपड्यांच्या पिशव्या शिवायला शिकवतो. मग एखादं हुशार पोर म्हणतं, "कापड चांगलं आहे, पिशवी शिवू." त्याला रागावू नका, त्याचं डोकं बरोबर चाललंय. फक्त सांगा, की ध्वज सजावटीचं कापड म्हणून वापरायचा नाही, वस्तू गुंडाळायला, झाकायला, भरून न्यायला वापरायचा नाही, उशीवर किंवा रुमालावर भरतकाम करून काढायचा नाही, कमरेखालच्या पोशाखात तर मुळीच वापरायचा नाही. दुसऱ्या कुठल्याही कापडाची पिशवी शिवावी, याची नको.

जीर्ण झाला हे कसं ओळखायचं?

संहिता म्हणते, फाटलेला किंवा अस्ताव्यस्त झालेला ध्वज लावू नये. आता 'फाटलेला' म्हणजे किती, हे प्रत्येक शाळेत वेगळं ठरतं. तेव्हा मुलांनाच बघायला लावा, पण हात स्वच्छ धुवून आणि ध्वज स्वच्छ टेबलावर पसरून.

सगळ्यात आधी फाटते ती खांबापासून लांबची, मोकळी कड. का? वाऱ्यात तीच कड चाबकासारखी फटफटते. दोरीकडची बाजू घट्ट बांधलेली असते म्हणून शाबूत राहते. मोठे ध्वज तर आणखी लवकर फाटतात. अटारी सीमेवर 2017 मध्ये 360 फूट उंच खांबावर ध्वज उभारला, तो वाऱ्यानं पुन्हा पुन्हा फाटत राहिला आणि बदलावा लागला. कोल्हापूरलाही त्याच वर्षी 303 फुटांचा खांब उभा राहिला. मुलांना ही उदाहरणं आवडतात; एवढा मोठा झेंडा धुवायचा कसा, असा प्रश्न नक्की येतो.

कडेचा एखादा दोरा सुटला असेल, तर त्याच रंगाच्या धाग्यानं शिवून घ्यायला माझ्या मते हरकत नाही. पण ठिगळ नको. आणि फाटकी कड कात्रीनं सरळ कापून काढायची, हा जो उपाय काही ठिकाणी करतात, तो तर अजिबात नको. याचं गणित वर्गात करून दाखवा. ध्वजाचं लांबी-रुंदीचं प्रमाण 3:2 असतं. आपल्याकडचा 900 × 600 मिलिमीटरचा ध्वज घ्या. कडेचे 60 मिलिमीटर कापले तर उरले 840 × 600. हे 3:2 आहे का? नाही, 7:5 झालं. शिवाय अशोकचक्र मध्यावर राहिलं नाही, मोकळ्या कडेकडे सरकलं. म्हणजे उरलं ते राष्ट्रध्वजासारखं दिसणारं कापड. पाचवीला गुणोत्तर ओळखीचं करून द्यायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. संहितेतली नऊ मापं, 6300 × 4200 पासून 150 × 100 पर्यंत, फळ्यावर लिहा आणि सगळ्यांचं प्रमाण तपासायला द्या. एक तास कसा गेला कळत नाही.

रंगाचं काय? केशरी उडून फिका गुलाबी झाला, हिरवा राखाडी दिसायला लागला, पांढरा पिवळट पडला, चक्राचा निळा फुटला, की समजायचं त्याची सेवा झाली. धुऊन निघण्यासारखा मळ असेल तर ध्वज वेगळ्या पाण्यात, हलक्या हातानं धुवा, सावलीत वाळवा. इतर कपड्यांत मिसळू नका.

खरं म्हणजे आपल्या शाळांमधले ध्वज वाऱ्यानं कमी आणि पेटीत जास्त खराब होतात. 15 ऑगस्टला हमखास पाऊस असतो. आमच्या मराठवाड्यात 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचंही ध्वजारोहण असतं, तेव्हाही आभाळ भरलेलं असतं. संध्याकाळी ओला ध्वज उतरवला, घाईत घडी घातली आणि पेटीत टाकला, की जानेवारीत बुरशीचे काळे ठिपके घेऊनच तो बाहेर येतो. दुसरा शत्रू म्हणजे फुलं. ध्वज फडकवण्याआधी त्यात फुलांच्या पाकळ्या ठेवायला संहितेची परवानगी आहे. पण आपण ओला झेंडू कोंबतो, वर गुलाल टाकतो, आणि पांढऱ्या पट्ट्यावर पिवळे-लाल डाग पडतात ते कायमचेच. गुलाबाच्या कोरड्या पाकळ्या थोड्या ठेवा. गुलाल नको. आणि गंजलेल्या टाचण्या, सेफ्टी पिना ध्वजाजवळ नेऊ नका.

आधी एकदा विचारा: हा ध्वज जपून ठेवायचा आहे का?

नष्ट करण्याआधी ही पायरी विसरू नका. प्रत्येक जुना ध्वज संपवायचाच असतो असं नाही. चेन्नईच्या सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या संग्रहालयात 15 ऑगस्ट 1947 ला तिथं फडकलेला रेशमी ध्वज काचेमागे जपलेला आहे. तो आता फडकवत नाहीत, पण तो जाळावा असं कुणी म्हणणार नाही. तुमच्या शाळेची स्थापना जुनी असेल, पेटीत एखादा हातानं रंगवलेला, हातानं शिवलेला ध्वज सापडला, तर गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. शाळेच्या पहिल्या ध्वजारोहणाचा असला, तर तो स्वच्छ पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून, त्याची माहिती लिहून ठेवणं जास्त योग्य. जुनं काय आणि जीर्ण काय, यातला फरक मुलांनाही कळू दे.

प्रत्यक्ष कसं करायचं?

संहिता तत्त्व सांगते, घमेलं किती मोठं घ्यावं ते सांगत नाही. म्हणून पुढचं सगळं माझ्या अनुभवातून आणि मला योग्य वाटतं त्यावरून सांगते.

पहिला निर्णय: मुलांसमोर करायचं का? माझं उत्तर ठाम नाही असं आहे. मला माहीत आहे, काही जण म्हणतील, की प्रात्यक्षिक दाखवलं तर शिक्षण होईल. पण दीडशे मुलं, त्यांच्यामागे कुंपणावर वाकलेले गावकरी, आणि त्यात एकाच्या हातात मोबाइल, हे खासगी कसं म्हणायचं? आणि ज्वाळेत तिरंगा एवढंच चित्र सहा वर्षांच्या मुलाच्या मनात राहिलं, तर त्यानं घरी जाऊन आगपेटी शोधायची. मुलांचा सहभाग घडी घालण्यापर्यंत. तिथून पुढे मोठ्यांचं काम.

घडी अशी घाला. ध्वज आडवा धरा. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्या पट्ट्याच्या खाली दुमडा. मग पांढऱ्या पट्ट्याच्या दोन्ही बाजू मध्याकडे अशा दुमडा, की वर फक्त अशोकचक्र आणि केशरी-हिरव्याचा थोडा भाग दिसेल. ही घडी दोन्ही तळहातांवर ठेवून न्यायची. चार मुलांनी मिळून ती घातली तर छान जमते. सराव आधी तीन रंगांच्या साध्या कापडावर नाही, तर एकरंगी ओढणीवर करून घ्या.

मग मुलं घरी गेल्यावर, मुख्याध्यापक आणि दोन सहकारी. शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना आधी सांगून ठेवा. नंतर कुणी काही ऐकीव बोललं तर उत्तर द्यायला एकापेक्षा जास्त तोंडं हवीत. जागा चार भिंतींच्या आतली, रस्त्यावरून न दिसणारी. ती स्वच्छ झाडून घ्या. स्वच्छ लोखंडी घमेल्यात सुक्या काटक्यांचा विस्तव आधी नीट पेटवा आणि मग घडी केलेला ध्वज त्यावर ठेवा. उघडा ध्वज एका टोकाला पेटवायचा नाही. अर्धवट जळलेला तुकडा वाऱ्यानं उडाला, तर सगळ्यावर पाणी पडतं. रॉकेल-पेट्रोल नको. पाण्याची बादली आणि वाळू जवळ असू द्या. पूर्ण जळेपर्यंत सावधान उभं राहायचं, गप्पा नाहीत. फोटो नाहीत, व्हिडिओ नाही, स्टेटस तर नाहीच नाही. ज्या क्षणी तो व्हिडिओ गटावर गेला, त्या क्षणी ते खासगी राहिलं नाही, हे कायद्याच्या भाषेतही लक्षात ठेवा.

राख निवल्यावर आम्ही ती शाळेच्या आवारात झाडाच्या बुंध्याशी पुरतो. धातूच्या कड्या उरल्या तर त्याही त्यातच.

हे झालं खादीच्या किंवा सुती ध्वजाचं. तो कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते. पॉलिस्टरचं तसं नाही. डिसेंबर 2021 च्या दुरुस्तीनंतर यंत्रावर तयार केलेले आणि पॉलिस्टरचेही ध्वज चालतात, आणि 2022 च्या 'हर घर तिरंगा'त घरोघर आले त्यांतले बरेच तसलेच. पॉलिस्टर जळताना वितळतं. काळा धूर, वास, उकळते थेंब अंगावर उडण्याची भीती, आणि शेवटी घमेल्यात चिकटलेला काळा गोळा. त्याला मान राखणं म्हणवत नाही. अशा वेळी संहितेतलं ते 'किंवा ध्वजाचा मान राखला जाईल अशी दुसरी पद्धत' कामाला येतं. घडी घालून लाकडी पेटीत किंवा जाड स्वच्छ कापडात ठेवून, कुत्री-डुकरं उकरणार नाहीत इतक्या, म्हणजे दोन-तीन फूट खोल, कुणी चालत नाही अशा जागी पुरायचा. माती लोटल्यावर दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं.

पॉलिस्टर मातीत कुजत नाही, हेही खरं. म्हणून पुढचा ध्वज घेताना शाळेनं तरी खादीचा घ्यावा, असं मला वाटतं. भारतीय मानकांच्या यादीतलं पहिलंच मानक, आय.एस. 1, हे राष्ट्रध्वजाचं आहे, आणि त्यात खादीचं कापड, रंग, शिवण, सगळं मोजूनमापून दिलंय. कर्नाटकात हुबळीजवळच्या बेंगेरीत आणि आपल्या नांदेडला खादीचे राष्ट्रध्वज तयार होतात. नांदेडचं नाव सांगितलं की आमच्या वर्गात माना ताठ होतात.

नोंदवहीचा प्रश्न

हा भाग फक्त शिक्षकांसाठी, पालकांनी सोडला तरी चालेल. ध्वज जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढवलेला असतो. त्यामुळे तो कमी करायचा म्हटलं, की आपल्या डोक्यात निर्लेखनाची यादी येते, आणि त्या यादीत मोडक्या खुर्च्या, फुटके तक्ते, पत्र्याचे डबे यांच्या शेजारी ध्वज लिहिला जातो. मग लिलाव, मग भंगारवाला. हे होऊ देऊ नका. ध्वजाची नोंद वेगळी करा आणि समितीच्या बैठकीत तिला मान्यता घ्या. आम्ही साधारण अशी लिहितो:

"दि. ____ रोजी 1350 × 900 मि.मी. मापाचा खादीचा राष्ट्रध्वज, नग 1, मोकळ्या कडेला फाटल्यामुळे व रंग उडाल्यामुळे वापरातून कमी करण्यात आला. भारतीय ध्वजसंहिता 2002 मधील तरतुदीनुसार तो खासगीत, संपूर्णपणे व सन्मानपूर्वक नष्ट करण्यात आला. उपस्थित: मुख्याध्यापक व दोन शिक्षक (स्वाक्षऱ्या)."

एवढं लिहिलं की कपाटातलं गाठोडं कुणाच्याही काळात राहत नाही.

पालकांसाठी: घरचा ध्वज आणि 16 ऑगस्ट

23 जानेवारी 2004 रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की सन्मानानं राष्ट्रध्वज फडकवणं हा नागरिकाच्या अभिव्यक्तीच्या हक्काचा भाग आहे. जुलै 2022 च्या दुरुस्तीनंतर घरावरचा ध्वज रात्रंदिवस ठेवता येतो. पण याचा परिणाम असा झाला, की ऑगस्टमध्ये लावलेला ध्वज दिवाळीतही गॅलरीच्या गजाला तसाच, अर्धा फाटून काठीला गुंडाळलेला दिसतो. हक्क मिळाला म्हणजे उतरवायची जबाबदारी गेली नाही. तुमच्या गल्लीत असा ध्वज दिसला तर भांडू नका, बेल वाजवा आणि "काका, झेंडा फाटलाय, उतरवायला मदत करू का?" असं मुलाला विचारायला लावा. मुलानं विचारलं की कुणी चिडत नाही.

शहरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी एक लक्षात घ्या. गॅलरीत किंवा गच्चीवर ध्वज जाळणं समोरच्या इमारतीतून दिसतं. म्हणजे ते 'लोकांच्या नजरेला पडेल असं' झालं. स्वतः काही करू नका. घडी घालून मुलाच्या शाळेत द्या, किंवा तहसील कार्यालयात विचारून तिथं जमा करा.

कागदी झेंडे हा वेगळाच डोंगर. कार्यक्रम संपला, की मैदानावर, गटारीच्या कडेला, बसच्या चाकाखाली. कार्यक्रमात हलवलेले कागदी ध्वज नंतर जमिनीवर टाकू नयेत, खासगीत सन्मानानं त्यांची विल्हेवाट लावावी, असं संहितेत आहे. आम्ही फाटकाशी पांढऱ्या कागदानं मढवलेलं खोकं ठेवतो. त्यावर 'कचरा' असा शब्द कुठेही नसतो. 'तुमचा झेंडा इथे द्या' एवढंच. दोन मुलं खोक्याशी उभी राहतात आणि येणाऱ्याच्या हातातून झेंडा दोन्ही हातांनी घेतात. 16 तारखेला सकाळी तिसरी-चौथीची मुलं शाळेपासून चौकापर्यंत जातात आणि पडलेले झेंडे उचलून आणतात. काड्या वेगळ्या, कागद वेगळे. कागद आम्ही मोठी माणसं वर सांगितल्याप्रमाणेच जाळतो.

प्लास्टिकचे झेंडे 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकवरच्या देशव्यापी बंदीत आलेत, तरी सिग्नलवर ते अजून विकतात. ते जाळू नका, धूर विषारी असतो. पुसून, एकत्र बांधून तहसीलला द्या. आणि मुलानं हट्ट केला तरी विकत घेऊ नका. कागदाचा घरी करून द्या, त्यात चक्राच्या 24 आऱ्या मोजून काढायला लावा. अर्धा तास शांत बसतं पोर.

आता तुमच्यासाठी काम. या आठवड्यात शाळेतला ध्वज पेटीतून काढा आणि उजेडात चारी कडा बघा. ध्वजारोहणाच्या आदल्या दिवशी बघून उपयोग नसतो, तेव्हा खादी भांडारात योग्य मापाचा ध्वज मिळेलच असं नाही. आम्ही 1 ऑगस्ट आणि 10 जानेवारी या दोन तारखा तपासणीसाठी ठरवल्यात आणि त्या परिपाठाच्या फळ्यावर लिहिलेल्या असतात. तुमच्या शाळेच्या पेटीत काय सापडलं, ते कळवा. विशेषतः एखादा खूप जुना ध्वज निघाला, तर घाई करू नका, आधी गावातल्या आजी-आजोबांना विचारा.